बीबीसी मायक्रोवर कॅसेट, फ्लॉपी आणि एसडी कार्ड: सगळं लोड करून पाहिल्यानंतरचा रिव्ह्यू, इंदूरहून

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पैसे खर्च करायचेत त्यांचं काम होईल. जुना बीबीसी मायक्रो मॉडेल बी हा कॉम्प्युटर हाती लागला असेल तर पहिला खर्च कॅसेटवर करा, एसडी कार्डवर नाही. एक साधा रेकॉर्डर, नवा बेल्ट, साफ केलेलं हेड आणि एक नीट सोल्डर केलेली केबल, एवढ्यात मशीन बोलायला लागतं. एसडी कार्ड मागाहून घ्याच, रोजच्या वापराला ते उत्तम आहे, पण सुरुवात तिथून करणारे लोक या मशीनमधली सगळ्यात चांगली बनवलेली गोष्ट न बघताच पुढे जातात असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनबद्दल थोडं, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या कॉम्प्युटर लिटरसी प्रोजेक्टसाठी हा बनवला, १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला, ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर, ३२ के रॅम आणि ३२ के रॉम, रॉममध्ये अर्धी जागा ऑपरेटिंग सिस्टिमला आणि अर्धी बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला. आपल्याकडे हा सापडतो त्याचं कारण म्हणजे १९८४ मध्ये सुरू झालेला सरकारचा क्लास प्रकल्प, शाळांमधून कॉम्प्युटर शिकवायचा, आणि त्यासाठी शाळांना दिलेली मशीनं बीबीसी मायक्रोच होती. पुढे शाळांमध्ये पीसी आले आणि ही मशीनं कपाटात गेली. माझंही अशाच एका शाळेच्या स्टोअरमधून भंगारात निघालेलं. माझी आत्या तेव्हा तिथे गणित शिकवायची, तिने रीतसर पैसे भरून घेतलं आणि टिळक नगरच्या घरी माळ्यावर जपून ठेवलं, सोबत एका बिस्किटाच्या डब्यात कॅसेट. त्या कॅसेट होत्या म्हणून मी या सगळ्यात पडलो, नुसतं मशीन असतं तर शोकेसमध्ये ठेवलं असतं.

चालू करायच्या आधी एक गोष्ट, आणि इथे अजिबात कंटाळा करू नका. पॉवर सप्लायच्या डब्यात मेन्स फिल्टरचे कपॅसिटर असतात, पिवळसर पारदर्शक खोक्यातले, त्यांना वयानुसार बारीक तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही वेळाने घरभर जाडसर, घाण वासाचा धूर होतो. आपल्या २३० व्होल्टला मशीन थेट चालतं, ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही, त्यामुळे लोक उत्साहात लगेच प्लग लावतात. तसं करू नका, मेन्सचं काम येणाऱ्या माणसाकडून ते कपॅसिटर बदलून घ्या, एक्स २ लिहिलेले नवीन मिळतात, महाग नाहीत. मग स्विच टाकल्यावर दोन सुरांचा आवाज येतो, आधी खालचा मग वरचा, आणि स्क्रीनवर बीबीसी कॉम्प्युटर ३२ के असं उमटतं. तो दुसरा सूर आला म्हणजे अर्धी लढाई जिंकली, नुसताच पहिला लांबत राहिला तर मशीन रिसेटच्या पुढे जात नाहीये असं समजायचं.

पडद्याचं सोपं आहे. मागे बीएनसी सॉकेट आहे, तोच जो सीसीटीव्ही कॅमेऱ्याला असतो, त्यामुळे जेल रोडला कुठल्याही सीसीटीव्हीवाल्याकडे बीएनसी ते आरसीए पिन मिळते, ती लावून टीव्हीच्या एव्ही इनपुटमध्ये घाला, झालं. चित्र कृष्णधवल येईल, घाबरू नका, मॉडेल बीमध्ये तसंच असतं, रंग हवे असतील तर आतल्या बोर्डावर एस ३९ नावाची लिंक जोडावी लागते किंवा मग आरजीबी सॉकेटची केबल बनवायची. लोडिंग बघायला कृष्णधवल पुरतं आणि खरं सांगायचं तर अक्षरं जास्त स्वच्छ दिसतात.

आता कॅसेट.

रेकॉर्डर म्हणून तो चपटा, एका हाताने उचलायचा, पुढे ओळीने बटणं असलेला मोनो रेकॉर्डर सगळ्यात चांगला. म्युझिक सिस्टिमचा डेक लावायचा मोह होतो पण स्टिरिओ डेकमध्ये दोन चॅनेल एकत्र केले आणि हेड जरासं तिरकं असलं की दोन्ही बाजूंचा सिग्नल एकमेकांना खातो, म्हणून डेकच वापरायचा असेल तर एकाच चॅनेलची वायर घ्या आणि डॉल्बी बंद ठेवा. माझ्या रेकॉर्डरचा बेल्ट इतक्या वर्षांत वितळून डांबरासारखा झाला होता. राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत एक काका आहेत, आयुष्यभर टेप आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त केलेले, त्यांच्याकडे नेला. त्यांनी झाकण उघडलं आणि म्हणाले, "भिया, मोटर तो एकदम मस्त है, खाली बेल्ट गया." मी मराठीत बोललो तर लगेच मराठीत आले, इंदूरमध्ये हे असंच चालतं. त्यांच्या कामाला माझे पूर्ण मार्क. नवा बेल्ट टाकायच्या आधी जुन्याचा काळा चिकट थर पुलीवरून स्पिरिटने पूर्ण काढला, कारण तो थोडाही राहिला तर स्पीड हलतो आणि गाण्यात तो कानाला कळत नाही पण कॉम्प्युटरला लगेच कळतो. पिंच रोलर साफ केला, हेड साफ केलं, आणि घाई केली नाही. अशी माणसं शहरात आता फार थोडी उरलीयत, त्यांच्याकडे काम न्या.

केबलसाठी सात पिनांचा डिन प्लग, म्हणजे तो गोल प्लग, लागतो. तो नाही मिळाला तर पाच पिनांचा, जुन्या अॅम्प्लिफायरला असायचा तो, त्याच सॉकेटमध्ये बसतो आणि आवाजाचं सगळं काम करतो, फक्त मोटर कंट्रोलच्या दोन पिना त्यात नसतात म्हणून प्ले-स्टॉप हाताने करावं लागतं. शक्य असेल तर सात पिनांचाच शोधा. मोटर कंट्रोल म्हणजे रेकॉर्डरच्या रिमोट भोकात जाणारी वायर, मशीनच्या आत एक छोटा रिले आहे तो टक् असा आवाज करून मोटर चालू-बंद करतो आणि कीबोर्डवर कॅसेट मोटरचा लाल दिवा लागतो. एक सोय लक्षात ठेवा, रिमोट लावलेला असताना रिवाइंड करायचं तर मोटर बंदच असते, तेव्हा स्टार मोटर १ टाइप करायचं (स्टार म्हणजे * हे चिन्ह, पुढेही तसंच), मग रिवाइंड, मग स्टार मोटर ०. नाहीतर दरवेळी पिन उपटत बसावी लागते.

लोड करायची रीत अगदी साधी. मशीनमध्ये डिस्कचा रॉम असेल तर आधी स्टार टेप, नसेल तर त्याचीही गरज नाही. मग चेन आणि पुढे दोन अवतरणचिन्हं, म्हणजे पुढे जो बेसिक प्रोग्रॅम येईल तो लोड करून चालव. नुसता लोड करायचा असेल तर चेनच्या जागी लोड, मशीन कोडचा असेल तर स्टार रन. रिटर्न दाबलं की सर्चिंग येतं, प्ले दाबायचं, आधी काही सेकंद एकच उंच सूर, तो २४०० हर्ट्झचा, मग खरखर सुरू. पद्धत अशी की एक हा बिट म्हणजे २४०० हर्ट्झच्या दोन लहरी आणि शून्य म्हणजे १२०० हर्ट्झची एक लहर, दोन्हींना वेळ सारखाच. म्हणून सेकंदाला १२०० बिट. रेकॉर्डर फारच वाईट असेल तर स्टार टेप ३ म्हणून ३०० चा वेगही आहे, चौपट हळू, पण तो तुम्ही स्वतः सेव्ह करताना वापरायचा, विकतच्या बहुतेक कॅसेट १२०० वरच असतात.

आता ज्यासाठी मी हा सगळा रिव्ह्यू लिहितोय ती गोष्ट. बीबीसी मायक्रो प्रोग्रॅम टेपवर एका लांब पट्ट्यात लिहित नाही, २५६ बाइटचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या पुढे फाईलचं नाव, तुकड्याचा नंबर, मेमरीत कुठे जायचं तो पत्ता, आणि हेडरसाठी वेगळा आणि डेटासाठी वेगळा सीआरसी, म्हणजे बरोबर वाचलं का याची तपासणी. लोड होताना स्क्रीनवर नाव आणि शेजारी नंबर हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, वाढत जातो, ००, ०१, ०९ नंतर ०ए. आणि एखादा तुकडा बिघडला तर तो सगळं टाकून देत नाही, डेटा? किंवा ब्लॉक? असं लिहितो, खाली रिवाइंड टेप, आणि शांतपणे वाट बघतो. तुम्ही टेप थोडी मागे घ्यायची, प्ले करायचं, तो मागचे तुकडे ओळखून सोडून देतो आणि बरोबर अडलेल्या नंबरपासून पुढे चालू करतो. स्पेक्ट्रम हा त्याच काळातला दुसरा घरगुती कॉम्प्युटर वापरलेल्यांना विचारा याची किंमत काय ती. त्याचा साधा लोडर सगळा डेटा एका दमात वाचतो आणि तपासणीचा एकच बाइट अगदी शेवटी, म्हणजे चार मिनिटं थांबून शेवटी कळणार की चुकलं, पुन्हा पहिल्यापासून. कमोडोर ६४ चं नेहमीचं रेकॉर्डिंग सगळा डेटा दोनदा लिहून सुरक्षित करतं, पण वेळही दुप्पट जातो. बीबीसीने जो मार्ग काढला तो विचार करून काढलाय, ज्याच्याकडे घरातला साधाच रेकॉर्डर आहे आणि ज्याची टेप जुनी आहे अशा माणसाचा विचार करून. शाळेत वापरायचं मशीन असंच पाहिजे. ज्याने कोणी हे लिहिलं त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

वेग मात्र वेगच. एका तुकड्याला हेडर धरून साधारण अडीच सेकंद, मध्ये थोडा सुराचा गॅप, धरा तीन सेकंद. २० के चा प्रोग्रॅम म्हणजे ८० तुकडे, म्हणजे चार मिनिटं. मला ती चार मिनिटं आवडतात, खरंच आवडतात, कारण नंबर वाढताना दिसतोय, आवाज ऐकू येतोय, आणि काय चाललंय ते सगळं समोर आहे. माझी भाची सातवीत आहे, तिला हेक्स नंबर कुठून सुरू होतात ते याच स्क्रीनवर कळलं, ९ नंतर १० का नाही आला असं तिनेच विचारलं.

आणि कॅसेट लोड झाली म्हणजे मशीनबद्दल बरंच काही कळतं हे दुसरं कारण. टेपचं सगळं काम आतली ६८५० चिप आणि फेरांटीची सिरियल यूएलए मिळून करतात, तीच जोडी मागच्या सिरियल पोर्टचंही काम बघते. वीस के नीट उतरलं, चाललं, म्हणजे प्रोसेसर, रॅम, रॉम, या दोन चिपा सगळं जागेवर आहे. एसडी कार्ड लावलं आणि काही झालं नाही तर दोष कार्डात, रॉममध्ये, पोर्टमध्ये का मशीनमध्ये, काहीच समजत नाही, आणि मग दिवसेंदिवस त्यातच जातात.

टेप वाचली नाही तर काय बघायचं ते क्रमाने सांगतो. आधी व्हॉल्यूम, मधोमध ठेवून थोडा वरखाली, ट्रेबल असेल तर पूर्ण वर. मग कॅसेट स्वतः: आत हेडला टेप दाबून धरणारा एक छोटा फेल्टचा तुकडा असतो, तांब्याच्या पट्टीवर चिकटवलेला, चाळीस वर्षांत गोंद सुटतो आणि तो पडतो, मग आवाज एकदम बसका येतो. अशा वेळी टेप काढून स्क्रूवाल्या नव्या शेलमध्ये घालायची, कुठलीही नको असलेली भजनाची किंवा कोरी कॅसेट चालते. फंगस असेल, आपल्याकडे पावसाळ्यानंतर टेपच्या रिळावर पांढरे ठिपके दिसतात ते, तर आधी त्या टेपला मशीनमध्ये घालूच नका, हेड खराब होईल आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला ते लागेल. आणि शेवटी हेडचा कोन. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, प्ले चालू असताना अगदी थोडा फिरवायचा, एक बाजूला आवाज बोथट होतो आणि एका जागी एकदम धारदार, कर्कश. तिथे थांबायचं. गंमत अशी की हा कोन प्रत्येक कॅसेटसाठी वेगळा असू शकतो, कारण ती ज्या रेकॉर्डरवर भरली गेली त्याचं हेड जसं होतं तसं टेपवर उमटलेलं असतं, त्यामुळे शाळेच्या कॅसेट आणि इंग्लंडहून मागवलेल्या कॅसेट यांना मला हेड वेगवेगळं लावावं लागतं.

चाचणीसाठी सगळ्यात चांगली म्हणजे मशीनसोबत यायची ती वेलकम कॅसेट. तिच्यात यलो रिव्हर किंगडम नावाचा खेळ आहे, नदीकाठचं गाव, किती माणसं बांधावर लावायची, किती शेतात, किती चोरांपासून राखणीला. आत्याला तो अजून आठवतो, तिच्या वर्गातली मुलं नेहमी बांधाला माणसं कमी लावायची आणि पूर येऊन गाव बुडायचं. मी लोड करत असताना ती मागे उभी राहून म्हणाली, "अरे आधी काउंटर शून्यावर घे, मग प्ले दाब, नाहीतर पुढचा प्रोग्रॅम कुठे सुरू होतो ते कसं कळेल तुला?" बरोबर आहे. एका कॅसेटवर अनेक प्रोग्रॅम असले की काउंटरचा आकडा कव्हरवर लिहून ठेवायचा, तिच्या सगळ्या कव्हरांवर तिच्या अक्षरात ते आकडे आहेत.

आता डिस्क. मॉडेल बीमध्ये डिस्कची सोय मुळात बसवलेली नव्हती, जास्तीचे पैसे देऊन ८२७१ नावाची कंट्रोलर चिप आणि डीएफएसचा, म्हणजे डिस्कवरच्या फाईली सांभाळणाऱ्या सिस्टिमचा, रॉम बसवून घ्यावा लागायचा. शाळेच्या मशीनमध्ये ते असेलच असं नाही, चालू केल्यावर नावाखाली एकॉर्न डीएफएस अशी ओळ आली तर तुमच्यात आहे. ड्राइव्ह सव्वापाच इंची, मशीनच्या पोटाखाली ३४ तारांची पट्टी केबल जाते आणि ड्राइव्हला वीज देणारं सॉकेटही तिथेच आहे. जुन्या पीसीचा ३६० के वाला ड्राइव्ह ४० ट्रॅकसाठी चालतो, जंपर पहिल्या ड्राइव्हवर लावायचा आणि केबल सरळ पाहिजे, पीसीची पिळलेली नको. फ्लॉपी डीडी (डबल डेन्सिटी) घ्या, एचडी (हाय डेन्सिटी) घेऊ नका, त्यांचा चुंबकीय थर वेगळा असतो, आज लिहिलेलं उद्या वाचता येत नाही.

क्षमता आजच्या मानाने ऐकायला गमतीशीर वाटेल, ४० ट्रॅकला एका बाजूला १०० के, ८० ट्रॅकला २०० के, एका बाजूला फक्त ३१ फाईली आणि नाव सात अक्षरांचं. पण वेग बघा. एका फेरीत दहा सेक्टर, प्रत्येकी २५६ बाइट, सेकंदाला पाच फेऱ्या, म्हणजे जास्तीत जास्त १२.८ के दर सेकंदाला. जे टेपला चार मिनिटं लागत होतं ते दोन-तीन सेकंदांत. शिफ्ट धरून ठेवायचं, ब्रेक दाबून सोडायचं, मग शिफ्ट सोडायचं, ड्राइव्ह घरघरतो आणि खेळ समोर. डिस्कवर बूट नावाची फाईल असते, नावाच्या आधी उद्गारचिन्ह, तिच्यात लिहिलेलं असतं तसं मशीन करतं. क्रम मात्र तोच ठेवा, शिफ्ट आधी सोडलं तर नुसतंच रिसेट होतं.

पण डिस्क मेमरी खाते, आणि याबद्दल विकणारे कोणी बोलत नाहीत. टेपवर तुमचा बेसिक प्रोग्रॅम हेक्स ई०० पासून सुरू होतो, म्हणजे ३५८४. डीएफएस बसवलं की त्याला स्वतःला काम करायला जागा लागते आणि सुरुवात सरकून हेक्स १९०० वर जाते, म्हणजे ६४००. २८१६ बाइट गेले. थोडे वाटतात, पण मोड २ मध्ये, ज्यात जास्त रंग असतात, स्क्रीनच २० के घेते आणि प्रोग्रॅमला टेपवर ८७०४ बाइट उरतात ते डिस्कवर ५८८८ राहतात. म्हणून टेपसाठी लिहिलेला एखादा खेळ डिस्कच्या मशीनवर मध्येच नो रूम म्हणून थांबतो, आणि लोकांना वाटतं टेप खराब आहे. उपाय सोपा आहे: स्टार टेप, मग पेज = हेक्स ई०० (पेज म्हणजे प्रोग्रॅम मेमरीत जिथून सुरू होतो तो पत्ता), मग न्यू, मग चेन. टेपचे खेळ डिस्कवर कॉपी करायचे तर आधी वर लोड करून मग खाली सरकवणारा छोटा प्रोग्रॅम जोडावा लागतो. कित्येक डिस्क इमेजमध्ये, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली प्रत, ते कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, त्या लोकांचे आभार.

डिस्क आणि टेप यातला फरक नीट समजायचा असेल तर एलिट हा अंतराळातला खेळ बघा, डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांचा, १९८४ चा. टेपवर सगळा खेळ एकदाच मेमरीत मावायला हवा म्हणून जहाजांचे प्रकार कमी आणि मोहिमा नाहीत. डिस्कवर स्टेशनात शिरलं की एक कोड लोड होतो, बाहेर पडलं की दुसरा, म्हणून खेळ मोठा. ३२ के मध्ये अख्खं अंतराळ बसवलंय, दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून खेळून बघा.

गोटेकबद्दल थोडक्यात. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारा डबा, पेन ड्राइव्हवर डिस्कच्या इमेज टाकायच्या, फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर टाकलं की बीबीसीच्या इमेज थेट चालतात. छान चालतो, काही तक्रार नाही, पण मशीनमध्ये डिस्क इंटरफेस असेल तरच.

ज्यांच्या मशीनमध्ये ८२७१ नाही त्यांच्यासाठी एसडी कार्डचा छोटा बोर्ड, तो यूजर पोर्टला लागतो, सोबत एमएमएफएस नावाचा रॉम. एकाच फाईलमध्ये ५११ डिस्क मावतात, कमांड सगळ्या डीएफएससारख्याच, स्टार डिन आणि नंबर दिला की ती डिस्क ड्राइव्हमध्ये आली असं समजायचं. सोय म्हणून याला तोड नाही. मी मागवलेला बोर्ड एका ऑनलाइन विक्रेत्याने रॉमशिवाय पाठवला, फोटोत रॉम दिसत होता, विचारल्यावर उत्तर नाही. घेताना स्पष्ट विचारून घ्या की चिप सोबत आहे का आणि ती मॉडेल बीसाठी आहे का मास्टर या नंतरच्या मॉडेलसाठी. पेजचा तो १९०० वाला प्रश्न इथेही येतो, साईडवेज रॅम, म्हणजे रॉमच्या जागी बसणारी जास्तीची रॅम, बसवली असेल तर तिच्यात राहणारी आवृत्ती वापरून सुटतो.

फोनवरून लोड करणंही जमतं, आणि रेकॉर्डर दुरुस्तीला असेल तेव्हा हेच करा. टेपची यूईएफ नावाची फाईल मिळते, तिचा आवाज बनवून फोनच्या हेडफोन सॉकेटमधून त्याच डिन प्लगला. आवाज पूर्ण वर, आणि फोन एअरप्लेन मोडवर, कारण मध्ये एखादा मेसेज टुण् करून आला की तेवढा तुकडा गेला. अर्थात गेला तरी वाईट वाटायचं कारण नाही, डेटा? आलं की फोनवर बोटाने दहा सेकंद मागे घ्यायचं, तुकडा परत वाचला जातो.

मार्क द्यायचे तर कॅसेट साडेचार, खरी फ्लॉपी साडेतीन कारण चांगल्या डिस्क मिळणं अवघड होत चाललंय, एसडी कार्ड साडेचार, गोटेक चार. काकांना पाच.

आता कॅसेटच्या डब्याकडे येतो. त्यात खेळ फारसे नाहीत, शाळेतल्या शिक्षकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्रॅम आहेत, पाढे, अपूर्णांक, मध्य प्रदेशच्या नद्या, एक तर त्रिकोणांचा जो आत्याने लिहिला. हे कुठल्याही संग्रहात नाही आणि त्या टेप गेल्या की संपलं. बेसिकचे प्रोग्रॅम असल्याने हलवायला सोपे आहेत: स्टार टेप, लोड, वाचून झालं की स्टार डिस्क, मग सेव्ह आणि सात अक्षरांत नाव. तेवढं करून थांबू नका, टेपचा आवाजही जसाच्या तसा लॅपटॉपवर घ्या, कारण आज न वाचलेला तुकडा उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने वाचता येऊ शकतो. ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो, वेव्ह फाईल, एमपी३ नको कारण ते नेमक्या त्या लहरींचा आकार बिघडवतं. आवाजाची पातळी अशी की वरची टोकं कापली जाणार नाहीत, नॉइज रिडक्शन सगळं बंद. इंदूर, उज्जैन, देवास, कुठेही कुणाच्या घरी क्लासच्या काळातल्या अशा कॅसेट असतील तर आधी ते रिवाइंड आणि फास्ट फॉरवर्ड एकदा पूर्ण करून टेप मोकळी करा, हेडचा कोन कानाने लावा, आणि मग दोन्ही बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबवता भरून घ्या, कारण मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या भागानंतरही बऱ्याचदा एखादा प्रोग्रॅम असतो.